बावीस हजारांचा वास

माझ्या नातवाने, अभिराजने, एका रविवारी भरल्या ताटावरून सांगितलं की त्याच्या अंगाला बिर्याणीचा वास येतो, म्हणून तो घर सोडून इंदिरानगरला खोली घेणार आहे. ताटात बिर्याणीच होती. ती त्याने संपवली, वर रस्सा मागून घेतला, हात चाटले आणि मग हे सांगितलं.

बनशंकरीत आमचं मिलिटरी हॉटेल आहे. नाव मिलिटरी असलं तरी फौजेशी काही संबंध नाही; मटण मिळणाऱ्या आम्हा मराठ्यांच्या जुन्या हॉटेलांना बेंगळुरात असंच म्हणतात. खाली हॉटेल, वर आम्ही. माझे यजमान विठोजी गेल्यापासून गल्ला आणि भट्टी दोन्ही माझा मुलगा रणजीत बघतो. पण सकाळी बिर्याणीच्या डेगीचं झाकण उघडलं की पहिली वाफ मी घेते. मी मान हलवल्याशिवाय एक द्रोणसुद्धा बाहेर जात नाही. तांदळाला पोत्याचा वास लागलाय का, लवंगेचा हात जड झालाय का, मटण कालचं आहे का, हे मला कुणी सांगावं लागत नाही. मोठेपणा वाटला तर वाटू दे.

"कसला वास?" रणजीतने विचारलं.

"बाबा, परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये आम्ही सगळे दाटीने उभे होतो. ती हर्षिता म्हणाली, कुणीतरी बिर्याणी मागवलीय वाटतं, काय मस्त वास येतोय. सगळे एकमेकांच्या हातात पिशवी शोधायला लागले. पिशवी कुणाकडेच नव्हती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"मग सांगायचं होतंस, आमचं हॉटेल आहे, या जेवायला. गिऱ्हाईक तरी जोडलं असतंस."

"मी तिथे एक टीम सांभाळतो. लोकांनी मला मसाल्यावरून ओळखायला नको."

रणजीतने ताट सरकवलं. तो ताट सरकवतो तेव्हा पुढे काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सून संयोगिता घाईघाईने ताकाचं भांडं घेऊन मध्ये आली. अभिराज मात्र बोलतच राहिला. म्हणाला, एक उपाय आहे. एका मित्राने त्याला परदेशी सेंट लावायला दिलं होतं. ते लावलं त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पण त्याची बाटली बावीस हजारांची.

"बावीस हजार!" रणजीत म्हणाला. "त्यात काय, आंघोळपण घालून देतात का?"

पोरगा खाली मान घालून बसला होता आणि बोटाने ताटाच्या काठावर रेघा ओढत होता. हा एकच नातू. तो गेला तर वरच्या मजल्यावर आम्ही तिघं उरणार, आणि तिघांपैकी दोघं दिवसभर खाली. मी हात धुतले आणि म्हणाले, "अभी, बाटली मी बघते. त्या पैशाच्या लायकीची निघाली तर मी घेऊन देते. मग वासाची तक्रार संपली आणि खोलीची गोष्टपण संपली. सरी? कबूल?"

त्याने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "सरी, अज्जी."

"आणि नाही निघाली तर?" रणजीतने विचारलं.

"तर तो जाईल. तू दारात आडवा पडायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी अभिराजने ऑफिसला सुट्टी टाकली आणि आम्ही कॅबने इंदिरानगरला गेलो. वाटेत तो मला समजावत होता की हे सेंट साध्या दुकानात मिळत नाही, छोटं घराणं आहे, थोडंच बनवतात, जाणकार लोकच घेतात.

"आपलंपण छोटं घराणं आहे," मी म्हणाले. "थोडंच बनवतो. जाणकार लोकच येतात. मग आपली बिर्याणी बावीस हजारांना का नाही?"

ड्रायव्हर हसला. त्याला मराठी कळत होतं की आकडाच तेवढा कळला, देव जाणे.

दुकान कसलं, देवघर म्हणा. कपाटात एकेक बाटली वेगळी उभी, प्रत्येकीवर स्वतंत्र दिवा. आत कसलाच वास नव्हता, हे मला आवडलं. ज्या दुकानात सगळे वास एकदम अंगावर येतात तिथे काहीतरी लपवायचं असतं. काउंटरवर वीणा नावाची मुलगी होती, निपाणीकडची. माझं मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला.

"बसा की ओ, आजी. पाणी देऊ?"

"पाणी नको. ह्याने सांगितलेली बाटली दाखव."

तिने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती माझ्यापुढे धरली. मी पट्टी परत दिली. "कागदाला कुठे घाम येतो? माझ्या हातावर मार."

तिने मनगटावर मारलं. मी सवयीने दुसरं मनगट त्यावर घासलं. आमच्याकडे लग्नकार्यात अत्तर असंच लावतात. वीणा एकदम पुढे आली. "घासू नका, आजी, वरचा वास मरतोय बघा. थांबा, दुसऱ्या हातावर मारते. आता नुसतं राहू द्या त्याला."

राहू दिलं. आधी लिंबाच्या ओल्या सालीसारखं तिखट आलं. मला वाटलं, एवढंच असेल तर लिंबू पाच रुपयांना मिळतं. पण मी उठले नाही. वीणाने तिच्या गावच्या बाजाराच्या गोष्टी सांगितल्या, मी ऐकत बसले, आणि मधूनच हात नाकाशी नेला तर लिंबू गेलं होतं. नव्या चपलेचं चामडं आलं होतं, आणि त्याच्या खाली कुठेतरी थंड, जुन्या लाकडाचा वास. उंची कपडे कापूर घालून ठेवलेली पेटी उघडावी तसा. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा हुंगलं. अभिराज माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कसं आहे, अज्जी?"

"गप बस. अजून चाललंय ते."

खोटं कशाला बोलू, वास चांगला होता. शहाण्या माणसाने बनवला होता. एकावर एक रचलेला, घाई न करता. मी आयुष्यभर मसाला भाजलाय. कुठली गोष्ट आधी टाकायची आणि कुठली शेवटी, हे ज्याला कळतं त्याचं काम मला कळतं. पण ते वीणाला सांगितलं नाही. दुकानदाराला आवडलं म्हणून सांगणारी मी नाही.

"पोरी, हे अंगावर संध्याकाळपर्यंत राहतं का?"

"राहतंय की. पण प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतंय. त्यांच्या अंगावर बघितल्याबिगर घेऊ नका." आणि तिने नमुन्याची छोटी कुपी काढून दिली, बोटाएवढी. "घरी लावून बघा. मग या. न्हाई आवडलं तर येऊ नका."

बरी पोरगी. गळ्यात मारायला बघत नव्हती.

त्याच्या पुढच्या दिवशी अभिराजने घरूनच काम केलं. सकाळी आंघोळ झाल्यावर मी स्वतः त्याच्या मनगटावर आणि शर्टाच्या कॉलरवर ते मारलं. खाली भट्टी पेटली होती, कांदा चढला होता. दिवसभर तो लॅपटॉप घेऊन बसला आणि मी येता-जाता त्याला हुंगत राहिले. मीटिंग चालू असताना पण हुंगलं. "अज्जी, कॅमेरा चालू आहे!" असा ओरडला, आणि पलीकडून कुणीतरी खो खो हसलं.

दुपारी वास होता. ऊन उतरल्यावर होता. दिवे लागले तेव्हा कॉलरला नाक लावलं तर तीच कापराची पेटी, स्वल्प मंद झालेली पण शाबूत. मला काय आनंद झाला सांगू! बावीस हजार गेले तर गेले. मी म्हणाले, "पास. उद्या जाऊन घेऊन येऊ."

रणजीत नुकताच वर आला होता. त्याचे खांदे खाली आले, सैल झाले. अभिराज मात्र नुसता बसून राहिला.

"अज्जी, तुला आपला वास येतो का?"

"कुठला आपला?"

"हॉटेलचा. आत्ता, ह्या खोलीत."

मी नाक वर केलं. खोलीत उदबत्तीचा वास होता, रणजीतच्या घामाचा होता, संयोगिताने उतू घालवलेल्या दुधाचा होता. "हॉटेलचा नाही येत."

"मलापण नाही येत. बाबांना नाही, आईला नाही. लिफ्टमध्ये मलापण आला नव्हता. मग सेंटने तो झाकला की नाही, हे तू कशावरून सांगतेस?"

एवढी वर्षं डेगीची वाफ घेणारं माझं नाक, आणि ज्या वासावर नातू घरात राहणार की जाणार हे ठरायचं होतं, तो वास त्या नाकाला येतच नव्हता. परीक्षक मीच नेमला होता आणि तोच नापास.

"चल," मी म्हणाले आणि पदर खोचला.

"कुठे?"

"समोर. श्रीविद्यम्माकडे."

रणजीत म्हणाला, "आई, तिच्याकडे?" आणि त्याचं बरोबरच होतं. समोरच्या घरातली श्रीविद्यम्मा कांदासुद्धा न खाणारी. आमचं धुराडं बांधलं तेव्हा तिने भांडण काढलं, मी सवाई भांडले, आणि तेव्हापासून तिची आमच्याकडची खिडकी बंद. देवळात दिसली तर मी मान हलवते, ती मान हलवते, तेवढंच. पण मला असं नाक हवं होतं जे आमच्यावर प्रेम करत नाही. गल्लीत ते एकच होतं.

तिने दार उघडलं आणि मला बघून दचकली. आम्ही कानडीत बोललो.

"श्रीविद्यम्मा, एक काम आहे. ह्या पोराला हुंगायचं."

"काय करायचं?"

"हुंगायचं. आणि जे येईल ते तोंडावर सांगायचं. तुम्हाला तशीही सवय आहे."

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. अभिराजचे कान लाल झाले होते. आधी तिने मनगट हुंगलं. डोळे मिटून, नीट. "छान आहे हो. देवाच्या गाभाऱ्यासारखं आहे. किती सुंदर!"

"आता कॉलर."

ती कॉलरपाशी वाकली आणि चटकन मागे झाली. "अंबुबाई, रागावू नका."

"सांगा."

"गाभाऱ्यात कुणीतरी बिर्याणीचा डबा उघडलाय."

अभिराज फस्सकन हसला. मी नाही हसले. "सेंट उडून गेलंय का?"

"नाही, तेपण आहे. दोन्ही आहे. नुसती बिर्याणी असती तर एकवेळ परवडली असती."

"पण हातावर नाही?"

"हातावर काहीच नाही. पोराच्या अंगाला नाही हो, कपड्यांना आहे. आणि का नसेल? तुमची तार कुठे आहे? धुराड्याला लागून. तुमची सून रोज शर्ट त्या भिंतीशी वाळत घालते. खिडकी बंद असली तरी काचेतून दिसतं मला. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम घालता. तुमच्याकडची रीत असेल."

रीतच होती. आमच्या बेंगळुरात कधी रिपरिप लागेल सांगता येत नाही, आणि धुराड्याची भिंत बारा महिने गरम. विठोजींनी तिथे तार बांधली, तेव्हापासून आमचे कपडे तासाभरात कडक वाळतात. गल्लीतल्या सगळ्या बायका तक्रार करायच्या, कपडे दमट राहतात म्हणून, आणि मी तोऱ्यात सांगायचे, आमचे नाही राहत. संयोगिता सून म्हणून आली तेव्हा मीच तिला ती तार दाखवली होती. मशीनमध्ये भारीतली पावडर घालून धुतलेला शर्ट आम्ही रोज मटणाच्या धुरावर वाळवत होतो आणि इस्त्री करून पोराला ऑफिसला पाठवत होतो.

मी श्रीविद्यम्माला म्हणाले, "उपकार झाले."

"कॉफी घ्या ना."

"आज नाही. आज तार तोडायची आहे."

आणि तोडली. रणजीत पकड घेऊन वर आला, दोन्ही टोकं त्यानेच कापली. संयोगिताने अभिराजचं सगळं कपाट रिकामं केलं, पुन्हा धुतलं आणि पुढच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला वाळत घातलं. कपडे वाळायला वेळ लागला, मधे एकदा सर आली तेव्हा धावत जाऊन आत घ्यावे लागले. लागू दे. सगळे वाळल्यावर मी एक शर्ट घेऊन पुन्हा समोर गेले. श्रीविद्यम्माने उलटा करून हुंगला, काखेत हुंगला, कॉलरला हुंगला. म्हणाली, साबणाचा वास आहे, दुसरं काही नाही. ह्या वेळी कॉफी घेतली.

घरी आले ती जिंकून आल्यासारखी. अभिराज ऑफिसातून येऊन बूट काढत होता. मी शर्ट त्याच्या मांडीवर टाकला.

"घे. वास गेला. सेंट लागत नाही, बाटली लागत नाही. बावीस हजार वाचले आणि तू घरातच राहिलास."

"सरी, अज्जी," तो म्हणाला.

पण कसं म्हणाला! कुणाच्या मयताला जाऊन आल्यावर म्हणतात तसं. मग उठून खोलीत गेला. जेवताना त्याने रस्सा मागून घेतला नाही.

पोराला सेंट आवडलं होतं म्हणून हिरमुसला असेल, असं मी आधी धरलं. मग मनात आलं, बाटली मी उद्या घेऊन देते म्हणाले होते, तेव्हा तरी तो कुठे खुलला होता? उलट त्यानेच मला अडवलं. कुणी स्वतःच्या फायद्याची परीक्षा स्वतः मोडून काढतं का? सेंट पास होऊ नये असंच त्याला वाटत होतं. मी खोलीत गेले, दार लोटलं आणि त्याच्या पलंगावर बसले.

"अभी, तुला खोली हवी आहे."

"नाही, अज्जी. आपलं ठरलंय ना, वास गेला तर राहायचं. राहतो."

"मी काय विचारतेय? तुला खोली हवी आहे का?"

त्याने चार्जरची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "लिफ्टचं खरं आहे. लाज वाटली तेपण खरं आहे. पण खोली त्याच्या आधीपासून हवी होती. मला एकदा एकट्याने राहून बघायचंय. स्वतः काहीतरी करपवून बघायचंय. तसं सांगितलं असतं तर बाबांना वाटलं असतं, ह्याला आपण नको झालो. बावीस हजार कुणी देणार नाही असं धरूनच सेंट काढलं. वासाचं सांगितलं की कुणाचाच दोष नाही."

"कुणाचाच नाही? माझ्या भट्टीचा काढलास की! जिथे लोक रांग लावून उभे राहतात तिला नाव ठेवलंस. मी श्रीविद्यम्माच्या दारात गेले. काय म्हणून गेले? तुला तोंड उघडायची हिंमत नव्हती म्हणून?"

"चुकलं, अज्जी."

त्या क्षणी मला त्याला धरून ठेवता आलं असतं. शब्द त्याने दिला होता, आणि आमच्या घरातलं पोर शब्द मोडत नाही. पुढची दहा वर्षं तो वरच्या मजल्यावर राहिला असता, साबणाच्या वासाच्या शर्टात, आणि रोज संध्याकाळी "सरी, अज्जी" म्हणाला असता, त्याच आवाजात. वाफेत जीव नसलेली डेग मी गिऱ्हाइकाला वाढत नाही. घरात का वाढू?

"शब्द मी घेतला होता, मीच सोडला," मी म्हणाले. "जा तू. पण एक अट आहे. बापाला सांगायचं. वास, लिफ्ट, हर्षिता, काही मधे आणायचं नाही. मला राहून बघायचंय, एवढंच. तेही खाली जाऊन, भट्टीपाशी उभं राहून. ज्या भट्टीला नावं ठेवलीस तिच्यासमोर."

"बाबा चिडतील."

"चिडू दे. त्याचा मुलगा चाललाय, त्याने काय आरती ओवाळायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली आला. रणजीत मोठ्या झाऱ्याने भात मोकळा करत होता, पोरं द्रोण मांडत होती. मी गल्ल्यापाशी बसले होते. मधे पडायचं नाही असं ठरवून पायांना मिठी मारून बसले होते. अभिराज थेट बापासमोर उभा राहिला.

"बाबा, मी खोली घेतोय. वासाचं निमित्त होतं. मला एकटं राहून बघायचंय. हॉटेलची लाज वाटते म्हणून नाही." मग त्याने समोरचा एक द्रोण सरळ केला. "थोडी वाटली होती. आता नाही."

रणजीतचा झारा थांबला नाही. भात तळापर्यंत उलथला, पुन्हा उलथला. मला त्याची पाठच दिसत होती.

"स्वयंपाकाला काय करणार?"

"शिकेन."

"अंडं उकडताना पाणी आटवतोस तू."

"शिकेन म्हटलं ना."

"रविवारी येणार?"

"येणार."

"जेवायला येणार असशील तर येऊ नकोस. रविवारी हात कमी पडतात. द्रोण लावायला ये." आणि त्याने झारा डेगीच्या कडेवर जोरात आपटून भात झटकला. "अजून काय उभा आहेस? वाटेत उभा आहेस."

अभिराज माझ्याकडे आला. त्याचे डोळे भरले होते. धुराने, असं मी स्वतःशी म्हणाले आणि सोडून दिलं. खिशातून त्याने ती नमुन्याची कुपी काढली. तळाशी चार थेंब उरले होते.

"अज्जी, खरं सांग. बावीस हजारांची लायकी होती का?"

"लायकी होती," मी म्हणाले. "ज्याने बनवलं त्याला कळतं. पण लपायला घेशील तर पैसे पाण्यात. आवडलं म्हणून घेणार असशील तर स्वतःच्या पगारातून घे, मी नावं ठेवणार नाही. मात्र आधी गादी घे, गॅस घे, आणि एक बरं पातेलं घे. नवीन खोलीत जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाला कितीही सुंदर वास आला तरी त्याची पाठ दुखतेच."